मनाड्याचा चेहरा

सोमवार, ३ मार्च

हात वर केला. माझाच हात, माझ्याच खांद्यापासून निघालेला — दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

झालं ते असं. ज्या पेशाच्या नावावरून आमचं सव्वा वर्ष अडलं होतं, त्याला आज नाव मिळालं. आमची प्रकाशनसंस्था छापखान्याच्या एका खोलीएवढीच, आणि आम्ही काढतो ते टेबलाभोवती बसून खेळायचे गोष्टीचे खेळ. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, फासे टाकतात, मरतात, पुन्हा उभे राहतात. प्रत्येक पात्राला पेशा लागतो — योद्धा, चोर, वैद्य, मांत्रिक. या आवृत्तीत मालकीणबाईंना एक नवा हवा होता. तलवार नाही, मंत्र नाही. समोरच्याच्या मनात उतरायचं आणि त्याने दडवलेलं वर काढायचं. नियम झाले, अंक झाले, चाचणीचे खेळ झाले. नाव तेवढं नाही!

आज पुन्हा चिठ्ठ्या. आमच्याकडे चिठ्ठ्या निनावी असतात, एकाच टंकात, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. बाई एकेक उघडतात आणि कसोटी लावतात. नाव तीनदा म्हणायचं — एकदा घाबरून, एकदा चेष्टेत, एकदा पलीकडच्या खोलीतून ओरडून. 'मनोबली' पहिल्याच दमात गेलं. बाई म्हणाल्या, टॉनिकची बाटली वाटते. 'अतींद्रिय' तीन फासे मुठीत धरून कुणालाच धड म्हणता येईना. 'अंतर्यामी' म्हणजे देवच झाला, मग पहिल्या पायरीवरून वर चढायचं कुठं? 'विचारवेधी' रविवारच्या पुरवणीतलं सदर. 'मनकवडा' चांगला होता, सगळ्यांनाच आवडला, पण बाईंनी मान हलवली. मनकवडा म्हणजे न सांगता चहा आणून ठेवणारं माणूस, म्हणाल्या, त्याला कोण घाबरणार?

सहावी चिठ्ठी — मनाड्या. जमिनीखालचं पाणी शोधतो तो पाणाड्या, मनाखालचं शोधतो तो मनाड्या. कुणीतरी म्हणालं, लोक अनाड्या वाचतील. बाई म्हणाल्या, वाचू देत, अनाडी समजून जवळ येऊ देतील आणि फसतील. चित्रकार पलीकडच्या खोलीत गेला आणि तिथून ओरडला, "पळा, मनाड्या आला!" सगळे हसले. मग एकदम गप्प झाले. नाव लागलं की असंच होतं.

"कुणाची चिठ्ठी?" बाईंनी विचारलं.

चिठ्ठी माझी. शब्द माझा नाही. शब्द मास्तरचा. लिहिताना मी ठरवलं होतं — निवडला गेला तर सांगायचं, हा माझ्या मित्राचा आहे. शपथेवर सांगते, ठरवलं होतं! हात वर गेला, तोंड बंदच राहिलं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांमध्ये कुणी बोलतं का?

आमच्याकडची रीत अशी की ज्याचं नाव लागतं, त्याचा चेहरा लागतो. त्या पेशाच्या पहिल्या पानावर पात्राचं मोठं चित्र असतं, त्याला तोंड नाव देणाऱ्याचं. वैद्याला बाईंचं आहे. योद्ध्याला आमच्या जुन्या बाइंडरचं, बिचारा आयुष्यात झुरळालाही घाबरायचा. चोर स्वतः चित्रकार — त्याला त्याचा कोण अभिमान! पहिल्या पानावर चेहरा आणि तो अध्याय लिहायचा मानही त्याच माणसाचा. अकरा वर्षांत मी चाळीस तरी चिठ्ठ्या टाकल्या असतील. एकही लागली नव्हती. पुस्तकभर माझी भाषा, माझा चेहरा कुठंच नाही.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, पुस्तकात तोंड यायचंय तर केस नीट विंचरून जा.

मंगळवार, ४ मार्च

चित्रकार जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे टक लावून बघत बसला. नाक सोपं आहे म्हणे, डोळ्यांचं बघू. पुढच्या शुक्रवारी बसायचं ठरलं.

बुधवार, ५ मार्च

लिहून काढते. निदान इथं तरी खरं.

मास्तर हे टोपणनाव. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी आमचा पाच जणांचा खेळ बसायचा. गोष्ट पुढे न्यायला तोच. एका सराईत अकरा माणसं उतरलेली असली तर अकराही आवाज वेगळे काढायचा — म्हातारीचा, सरदाराचा, सर्दी झालेल्या घोडेवाल्याचासुद्धा. मी या धंद्यात आले ती त्या टेबलावरूनच.

तेरा वर्षांपूर्वी त्याच्या गोष्टीत एक माणूस आला होता. हातात दुबेळक्याची, बेचकीसारखी काडी, ती लोकांच्या छातीशी धरायचा. काडी थरथरली की समजायचं, इथं काहीतरी दडलंय. महिनाभर त्याला नावच नव्हतं, आम्ही आपले 'काडीवाला' म्हणायचो. मग एका गुरुवारी मास्तरने फासे बाजूला सारले आणि म्हणाला, आजपासून हा मनाड्या. आम्ही टेबल बडवलं. एक जण तर खुर्चीवर चढला — तो आता वकील आहे, चढत नाही. मास्तरने शब्द सासऱ्यावरून घडवला असणार. वहिनींचे वडील पाणाड्या होते, काडी घेऊन विहिरीची जागा सांगायचे.

चौदा महिन्यांपूर्वी मास्तर दुकानातच कोसळला. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली. वाचा आली नाही. कळतं सगळं. विनोदाला वेळेवर हसतो, बातम्यांवर चिडतो. पण तोंडातून एकच निघतं — "तेच ते." भूक लागली तेच ते. बरं वाटलं तेच ते. लाईट गेली तेच ते! ज्याच्या जिभेवर गावंच्या गावं नांदत होती, त्याच्याकडे दोन शब्द उरले.

आणि मी त्याचा तिसरा उचलला.

त्याला बोलता येत असतं तर माझा हात वर गेला असता का? प्रश्न लिहिला. उत्तर लिहीत नाही.

रविवार, ९ मार्च

नेहमीप्रमाणे मास्तरकडे. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते, आणि तासभर ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. हवापाणी झालं. त्यांच्या इमारतीची मोटर बिघडलीय, ते झालं. वहिनी पुरवून पुरवून पाणी वापरत होत्या, तरी चहा आलाच. मी नको म्हणायच्या आत कप समोर.

शेवटी कसंबसं काढलं. म्हटलं, वहिनी, नव्या पेशाला नाव मिळालं. मनाड्या.

मास्तरने झटकन माझ्याकडे बघितलं. "तेच ते," म्हणाला. डोळे असे चमकले की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

वहिनी कपबशा गोळा करत होत्या. त्यांचा हात थांबला. "छान शब्द आहे," म्हणाल्या. मग कप एकात एक ठेवत, "कुणाला सुचला?"

इथं! इथं सांगायचं होतं. दार उघडं, उंबरा बुटका, नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"मला," म्हणाले मी.

वहिनींनी "हं" केलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मास्तर माझ्याकडे बघत होता, मी बशीतल्या चहाच्या डागाकडे. त्यांच्यासमोर म्हणाले, लक्षात येतंय का? ज्याचा माल त्याच्या तोंडावर. दरोडेखोर निदान रुमाल तरी बांधतो.

सोमवार, १० मार्च

वकिलाचा निरोप आला. बाईंनी नव्या पेशाची जाहिरात टाकली, ती त्याने बघितली. 'मनाड्या! जुना दोस्त भेटला. मास्तरला विचारलंस ना?' मी लिहिलं, 'हो.' त्याने अंगठा पाठवला. दोन अक्षरंही नाहीत, एका अक्षरात खोटं बोलता येतं.

गुरुवार, १३ मार्च

अध्याय लिहितेय. चांगला होतोय, हेच वाईट! आजवर एका पानाला दोन दिवस लावणारी मी, तीन दिवसांत चौदा पानं झाली.

प्रत्येक पेशाला किंमत असते. मांत्रिक थकतो, योद्ध्याला जखमा होतात. मनाड्याला काय व्हावं? मी लिहून गेले — दुसऱ्याच्या मनात उतरला की दर वेळी त्याचा स्वतःचा एक शब्द जातो. खेळाडूने तो शब्द कागदावर लिहून खोडायचा आणि पुढे खेळभर वापरायचा नाही. वापरला तर हार. शेवटी शेवटी मनाड्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं आणि सांगता काहीच येत नाही.

दुपारी बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला. अकरा वर्षांत इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतंस, म्हणाल्या, कुठून सुचलं?

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी शब्द उचलला, आता माणूसच उचलला. त्याच्या आजाराचासुद्धा मी नियम करून टाकला, क्रमांक सात, पोटकलम दोन. मी म्हटलं, सुचलं असंच.

शुक्रवार, १४ मार्च

चित्रकारापुढे दीड तास बसले. त्याने चार कागद फाडले. माणूस खवट आहे, चाळीस वर्षं चेहरे काढतोय, गोड बोलायची त्याला सवय नाही.

"तुझा चेहरा टिकत नाही," म्हणाला. "डोळे काढेपर्यंत तोंड बदलतं. काही चोरून खाल्लंय का?"

सगळे हसले. मीही हसले. चोराच्या मनात चांदणं — माझ्या मनात तर पौर्णिमाच पडलीय. वीस तारखेनंतर बघू म्हणाला, डोकं थंड करून ये. छपाईला पान महिनाअखेर जायचंय.

घरी आले तर आई भिंतीवरच्या घरट्याकडे बघत होती. चिमण्यांनी काडी काडी करून बांधलेलं, आता त्यात दुसरंच पाखरू घुसलंय. आयत्या बिळावर नागोबा, म्हणाली ती. पाखराबद्दल म्हणाली. मी ताट तसंच ठेवून उठले.

शनिवार, १५ मार्च

आजच लिहायला हवं.

मास्तरला वाचा शिकवायला येते त्या थेरपिस्टने मला आज मुद्दाम बोलावलं होतं. जुन्या मित्रांसमोर कधी कधी अडलेला शब्द सुटतो म्हणे. तिने चित्रांचे पत्ते मांडले होते — कप, दार, चप्पल, कुत्रं. मास्तर प्रत्येकाला तेच ते म्हणत होता आणि कंटाळून छताकडे बघत होता. तेव्हा तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. अध्यायाची कच्ची छपाई वर डोकावत होती. हे तुमच्या खेळाचंच ना, दाखवा की त्यांना, म्हणाली. मी आढेवेढे घेतले. तिने स्वतःच काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. वर मोठ्या ठशात नाव.

मास्तरने डावा हात अक्षरांवर ठेवला. ओठ हलले. काहीच आलं नाही. पुन्हा हलले. गळ्याची शीर तटतटली. थेरपिस्ट, वहिनी, मी — तिघीही पुढे झुकलेल्या.

"म," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग, "मनाड्या."

स्वच्छ! पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा त्या काडीवाल्याच्या आवाजात म्हणाला, तेरा वर्षांपूर्वीच्या, घोगऱ्या. तो जुना आवाज आत कुठंतरी जसाच्या तसा ठेवलेला होता.

थेरपिस्ट तर उडालीच. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "चौदा महिन्यांतला पहिला नवा शब्द, आणि तो तुमचा! तुमच्या पुस्तकातला!"

वहिनी मास्तरची हनुवटी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवा नाही तो."

एवढंच. थेरपिस्टला ते ऐकूही गेलं नसेल. मला मात्र कळलं — वहिनींना माहीत आहे! रविवारी विचारलं ते माहीत असून विचारलं. माझी परीक्षा घेतली आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत नापास झाले. त्यानंतर त्या माझ्याशी वाकडं एक अक्षर बोलल्या नाहीत, निघताना डब्यात बिस्किटंसुद्धा भरून दिली. ती बिस्किटं अजून पिशवीत आहेत. खाववत नाहीत.

एका माणसाने चौदा महिने झगडून आपली वस्तू परत मिळवली, आणि जमलेल्यांनी अभिनंदन माझं केलं.

सोमवार, १७ मार्च

बाईंना सांगितलं. सगळं. शब्द कुणाचा, किंमत कुणाची, वकिलाला काय लिहिलं, वहिनींना काय म्हणाले. सुरुवातीला दार लोटून घेतलं होतं. मध्येच बाईंनी उठून ते उघडलं. लपवायचं काही उरलं नाही ना आता, म्हणाल्या.

मी नोकरी जाणार असं धरूनच चालले होते. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या टेबलावरचे फासे उगाच एकावर एक रचत बसल्या. म्हणाल्या, हात वर करायला किती वेळ लागला? आणि खाली घ्यायला चौदा दिवस! मग म्हणाल्या, चेहरा त्या माणसाचा लागेल, नाव त्याचं छापलं जाईल, आणि आजारावरचा तो नियम त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचा नाही. अध्याय मात्र तूच पुरा करायचास, तेवढ्यावर सुटका नाही.

मी उठले तेव्हा म्हणाल्या, "माझ्याकडे येऊन हलकी झालीस. जिथं जड जाणार आहे तिथं अजून गेली नाहीस."

वकिलालाही कळवलं. त्याने या वेळी अंगठा पाठवला नाही.

बुधवार, १९ मार्च

गेले. वहिनी बाजारात गेल्या होत्या. त्या घरात नाहीत हे कळल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मास्तरच्या समोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, मास्तर, तुझा शब्द मी माझा म्हणून सांगितला. सगळ्यांसमोर हात वर केला. तुला बोलता येत नाही म्हणून केला. माझं चुकलं, फार चुकलं, आता ते सगळं बदलतंय, चित्र तुझंच येणार. बोलता बोलता रडायला यायला लागलं, ते मी आवरलं. रडून त्याच्याकडून सहानुभूती काढायची म्हणजे तिसरी चोरी झाली असती. नियम सात वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकत होता, शब्द खोडायच्या जागी खुदकन हसलासुद्धा. मान डोलावली. ते चाललं त्याला.

पण मी म्हटलं, शब्द तुझा — तर जोरात मान हलवली. नाही. मी म्हटलं, तुझाच. पुन्हा नाही. "तेच ते!" डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवलं.

पाणी हवं असेल म्हणून पाणी आणलं. त्याने पेला बाजूला सारला. पुन्हा बोट स्वयंपाकघराकडे. बिस्किटांची बशी आणली. तीही सारली. चहा करू का म्हटलं, गॅस पेटवला, तर खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागला. "तेच ते! तेच ते! तेच ते!" चेहरा लाल झालेला, डोळ्यांत पाणी. एवढा चिडलेला त्याला मी कधी पाहिला नव्हता, अगदी कोसळल्यानंतरच्या दिवसांतही नाही. गॅस बंद केला. थेरपिस्टने सांगून ठेवलंय, त्यांना संताप येऊ देऊ नका.

मग समजलं. स्वयंपाकघराच्या पलीकडेच बाहेरचं दार आहे. तो मला जायला सांगत होता.

चपला घातल्या. मागे वळून नमस्कार केला, कुणी पाहुणी असल्यासारखा. आमच्यात कधी नमस्कार नव्हता. जिन्यात वहिनी भेटल्या, पिशव्या घेऊन वर येत होत्या. म्हणाल्या, अगं थांब ना, चहा टाकते. मी कामाचं कारण सांगितलं. माफी मिळाली नाही, ते ठीकच आहे. माफी काय चिठ्ठी टाकून मिळते?

गुरुवार, २० मार्च

वहिनींचा फोन. "काल काय झालं गं? सारखे तुझं नाव घेतल्यासारखे दाराकडे हात करतायत. शनिवारी चित्र काढणाऱ्यांना घेऊन ये म्हणजे ये." मी काल मास्तरला सांगितलं ते सगळं त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बरं, या.

शनिवार, २२ मार्च

मास्तरला खिडकीपाशी बसवलं. चित्रकाराने कागद लावला, पेन्सिल उचलली — आणि मास्तर उठला! काठी टेकत, भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. वहिनी कप पुसत होत्या. त्यांचं मनगट धरलं, बाहेर आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"ही," तो म्हणाला. तेच ते नाही. "ही. ही."

वहिनी पदराला हात पुसत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेव्हा, नाव ठेवलं त्याच्या आदल्या गुरुवारी मीच म्हटलं होतं, चहाचा ट्रे ठेवता ठेवता. हा तुमचा काडीवाला आमच्या नानांसारखाच की, ते पाणाड्या, हा मनाड्या. तुम्ही सगळे फासे मोजत होतात. पुढच्या गुरुवारी ह्यांनी सांगितला, तेव्हा टाळ्या वाजवल्यात." मग म्हणाल्या, "म्हणून तुला विचारलं, कुणाला सुचला. वाटलं, एवढ्या वर्षांनी तरी कुणाला आठवेल."

मास्तर रडत होता. त्याचाही हात तेरा वर्षं वरच होता.

चित्रकार म्हणाला, हलू नका. वीस मिनिटांत चेहरा उतरला, एकही कागद फाटला नाही.

तोवर मी चहा करायला आत गेले. साखर कुठं असते ते वहिनींना विचारावं लागलं. तेरा वर्षं त्या घरचा चहा पिते आहे मी.